पाठीचं माप

प्रिय सेनापतीबाई,

आपल्या आज्ञेप्रमाणे बॅगांची पाहणी पूर्ण झाली असून अहवाल सादर करतो आहे. अहवाल लांब आहे. तेव्हा चहा घेऊन बस, उजवा हात उशीवर ठेव (व्यायामाच्या बाईंनी दाखवला तसा, तू ठेवतेस तसा नव्हे), आणि कृपा करून शेवटचं पान आधी वाचू नकोस. रहस्यकथांच्या बाबतीत तू हेच करतेस आणि वर म्हणतेस, लेखकाला काही जमलेलं नाही.

आधी विषय मांडतो. आमच्या शास्त्रात विषय, मग संशय, मग समोरच्याचं म्हणणं आणि सगळ्यात शेवटी सिद्धान्त, अशी शिस्त आहे. तुझ्या शास्त्रात सिद्धान्त आधी, विषय नंतर सवड मिळाली तर. असो. संग्रहालयाला त्या नदीवरचे सगळे जुने पूल फोटोत हवे आहेत, उगमापासून थेट समुद्रापर्यंत, कुणी पाडायच्या किंवा आपणहून पडायच्या आत. ते काम तुलाच द्यायचं त्यांच्या मनात आहे. डॉक्टरांच्या मनात मात्र तुझ्या उजव्या खांद्यावर यापुढे साधी पर्ससुद्धा द्यायची नाही. आणि पूल काही स्टुडिओत येऊन बसत नाहीत. तेव्हा तू लेकीच्या घरी पलंगावर पडल्या पडल्या मला फोनवर हुकूम सोडलास, "पंडित, माझं सगळं सामान जाईल आणि खांदा दुखणार नाही अशी बॅग जगात कुठे असली तर शोध. मिळाली तर महिनाअखेरच्या सोमवारी त्यांना होकार कळवते. नाही मिळाली तर नकार, आणि मग बसते ओळखपत्रांचे फोटो काढत." मी विचारलं, मीच का? तर म्हणालीस, "कारण तुला कॅमेऱ्यातलं काहीही कळत नाही. ज्यांना कळतं ते बॅग बघत नाहीत, बॅगेवरचं नाव बघतात." इतक्या वर्षांत माझ्या अज्ञानाची कुणी अशी कदर केली नव्हती. फोन ठेवता ठेवता तू हेही सांगितलंस, की सोबत कुणी येणार असेल तर त्याच्या राहण्याची सोय करतो, नाव आणि नातं कळवा, असं संग्रहालयाने विचारलं आहे, आणि तिथे तू 'ट्रायपॉड' असं लिहिणार आहेस. खूप हसलीस. मीही हसलो. जरा उशिरा हसलो, पण हसलो.

त्याच संध्याकाळी तुझ्या लेकीचा फोन. तू आंघोळीला गेली असतानाच उरकायचा म्हणून कुजबुजत होती. "काका, तुमच्या पाया पडते, आईला सांगा की एकही बॅग धड नाही. ती एकटी जाणार, कुठल्यातरी पुलाखाली चिखलात उतरणार, आणि खांदा परत गेला म्हणजे त्या आडरानात उचलायला कोण आहे? माझं ती ऐकत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर ऐकेल." मुलगी गुणी आहे. आवाज तुझा, काळजी मात्र स्वतःची. मी तिला हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. 'बघू' म्हणालो. कॉलेजच्या मीटिंगांत बसून बसून माणूस हे शिकतो.

पण फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी मोठ्या अधिकाराच्या जागी बसलो आहे. एक वाक्य लिहिलं की तू घरी. खांदा सुरक्षित, लेक निश्चिंत. आणि आणखी एक लाभार्थी होता, त्याचं नाव मी त्या वेळी मनातसुद्धा घेतलं नाही. तू नदीकाठी गेलीस तर माझे रविवार रिकामे. माझ्या शब्दकोशांवर चहाचे कप ठेवून गोल डाग पाडणारं कुणी नाही. माझ्या प्रत्येक वाक्याला "मुद्द्यावर ये" असं म्हणणारं कुणी नाही. पण तू माझ्यावर निवाडा सोपवला होतास, आणि न्यायाधीशाने स्वतःच्या रविवारांचा विचार करायचा नसतो. म्हणून दुसऱ्याच दिवशी निघालो, अगदी स्वच्छ मनाने. बरंचसं स्वच्छ.

पहिल्या दुकानातल्या गृहस्थांनी एका खांद्यावर लटकवायची बॅग दाखवली. दिसायला देखणी; पितळी बकलं, आतून मऊ अस्तर. ती बघितली आणि मला तुझी ती जुनी कॅनव्हासची बॅग आठवली, जिने तुझ्या खांद्याची ही अवस्था केली. तुला आठवतं का माहीत नाही, पण आपली ओळख आधी त्या बॅगेशी झाली, म्हणजे माझी. व्याकरणाच्या तासाला तू शेवटच्या बाकावर माझ्या शेजारी ती आपटलीस आणि जगात मला उद्देशून पहिलं वाक्य बोललीस, "बॅगेला हात लावू नकोस, फक्त लक्ष ठेव." आणि एक कॅमेरा काढून मागच्या दाराने पसार. सर वर्गात शब्द चालवत होते आणि मी बॅगेकडे बघत होतो. त्या वर्षी मला व्याकरणात कमी गुण का पडले हे आता तरी तुझ्या ध्यानात यावं. पुढे तुझं लग्न झालं, तुझ्या त्या यजमानांनी "ही बॅग आहे की माझी सवत?" असा विनोद केला, जो त्यांच्या आयुष्यातला एकमेव चांगला विनोद होता, पुढे ते गेले दुसरीकडे आणि बॅग राहिली. आणि बॅगेला हात न लावण्याचा तुझा नियमही राहिला. किती मदतनीस आले आणि रुसून गेले! शेवटचा तर मला म्हणाला होता, "सर, मॅडम मला पगार देतात आणि ओझं स्वतः उचलतात. मी नेमकं करायचं काय?" मी त्याला म्हणालो, लक्ष ठेव.

तर एका खांद्याची बॅग बाद. मग चाकांची पाहिली. ती गुळगुळीत फरशीवर अशी चालते की आपणच तिच्या मागे चाललो आहोत असं वाटावं. पण पुलाचा खरा फोटो खालून असतो, हे तूच मला ऐकवलेलं आहेस. खाली म्हणजे गोटे, गाळ आणि काटेरी झुडपं. तिथे ती चाकं काय करणार? तिला उचलून न्यावं लागेल, म्हणजे ओझ्यात चाकांच्या वजनाची भर. बाद. त्यानंतर सगळीकडे खिसेच खिसे असलेलं जाकीट दाखवलं. ते मी अंगात घालून आरशात पाहिलं. चालतं औषधांचं कपाट. शिवाय नदीत पाय घसरला तर सगळ्या लेन्सेस एकदम जलसमाधी घेणार. बाद. दुकानदारांनी विचारलं, "तुम्ही स्वतः फोटो काढता का?" मी म्हणालो, नाही. "मग सामान किती आहे, कसं ठेवतात, हे तुम्हाला काय माहीत?" असं त्यांनी जरा खोचकपणेच विचारलं, आणि मी उत्तर द्यायला लागलो.

आणि सेनापतीबाई, मला सगळं माहीत होतं. डाव्या बाजूला रुंद लेन्स, कारण हात आधी तिच्याकडे जातो. लांब लेन्स मधे, पाठीला चिकटून, कारण ती सगळ्यात जड. कॅमेरा वर, लेन्स लावूनच, तोंड खाली. बॅटऱ्या भरलेल्या वरच्या खणात, रिकाम्या खालच्या. झाकणं खिशात टाकायची नाहीत, बॅगेच्या जाळीत टाकायची. पुसायचं फडकं एकटं, त्याच्या शेजारी कुणी नको. हे मी दवाखान्यात शिकलो. शस्त्रक्रियेच्या दिवशी तू बॅग घरी ठेवायला तयार नव्हतीस, म्हणून मी ती घेऊन आलो, आणि नर्सने डबा समजून ती उघडायला सांगितली. नंतर हात गळ्यात बांधलेला, तोंड औषधाने कडू, आणि तू मला पलंगावरून पढवत होतीस, "डावीकडचा दुसरा कप्पा. तुझं डावं नव्हे रे, बॅगेचं डावं." एकेक लेन्स काढून पुसून घेतलीस. मी पाठांतराच्या परंपरेतला माणूस. एकदा कानावर पडलं की सुटत नाही. तिसऱ्या खेपेला तू डोळे मिटून नुसता हात पुढे केलास आणि मी न बघता नेमकी लेन्स त्या हातात ठेवली. तू म्हणालीस, "हं." तुझ्या तोंडचं 'हं' म्हणजे इतरांचं मानपत्र. ते मी अजून जपून ठेवलं आहे.

या दुकानदारांनी शेवटी मला एका दुसऱ्या दुकानाचा पत्ता दिला. कदाचित माझं व्याख्यान थांबवण्यासाठी दिला असेल. हे दुकान डोंगरात चालणाऱ्यांचं. आत गळ्यात मापाची टेप अडकवलेली एक उंच बाई. तिने बॅगा दाखवण्याआधीच विचारलं, "वाहणार कोण?" मी तुझ्याविषयी सांगायला सुरुवात केली. खांदा सांगितला, डॉक्टर सांगितले, पूल सांगितले, तू ओल्या जमिनीवर बॅग टाकून तिच्यावरच गुडघा टेकतेस तेही सांगितलं, वैतागलीस की शिट्टी वाजवतेस तेही. ती हं हं करत ऐकत होती आणि माझ्याभोवती फिरत होती. "मान खाली करा." केली. मानेखालचं हाड चाचपलं, तिथून कमरेपर्यंत टेप लावली. "मास्तर आहात ना? ताठ उभे राहा. मास्तरांना पोक असतो." ताठ उभा राहिलो आणि पुढे सांगत राहिलो. मग तिने एक बॅग आणली, तिच्यात वाळूच्या पिशव्या भरल्या, माझ्या पाठीवर चढवली, कंबरपट्टा आवळला, छातीवरची पट्टी लावली आणि दुकानातल्या दुकानात मला जिना चढायला-उतरायला लावला. काय सांगू! ओझं आहे आणि नाही. खांद्यावरून निघून सगळं कमरेवर जाऊन बसतं. बॅग पाठीच्या बाजूने उघडते, म्हणजे चिखलात टाकली तरी पट्टे कोरडे. आतले कप्पे हवे तसे हलवता येतात. पावसात बॅगेवर चढवायचं टोपरं तळाशी. शिवाय बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की आत स्वेटर आणि सफरचंदं आहेत. आत काय ऐवज आहे याची चोराला शंकाही येऊ नये. मी एवढा खूश झालो की तिथल्या तिथे घेऊन टाकली आणि घरी येईपर्यंत मनात तुझ्या होकाराचं पत्रही लिहून काढलं.

घरी ताई आली होती. मी दारातून पाठीवर बॅग घेऊन शिरलो तर म्हणाली, "काय रे, शाळेत नाव घातलं की काय तुझं?" मी तिला बॅगेची थोरवी सांगितली, तुझ्या सामानाऐवजी आत माझे कोश भरले आणि तिच्याच पाठीवर चढवली. ताई उंचीला बरोब्बर तुझ्याएवढी, हे तुला माहीत आहे; माझ्या घरच्या समारंभातून तिची चप्पल आणि तिचा कोट दोन्ही घालून तू घरी गेली होतीस. तर ताईच्या अंगावर कंबरपट्टा कमरेला सोडून मांडीपाशी लोंबत होता, आणि सगळं ओझं होतं दोन्ही खांद्यांवर. ती ओरडलीच, "अरे काढ! ही काय तिच्या मापाची आहे? ही तुझ्या मापाची आहे!" आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाठांतल्या चुका काढल्या, आणि तुझ्यासाठी बॅग आणायला जाऊन स्वतःच्या पाठीचं माप देऊन आलो. तुझं वर्णन करण्यात एवढा रंगलो होतो की टेप कुणाच्या पाठीवर फिरते आहे हेच कळलं नाही. ताई पदर खोचून म्हणाली, "चल, मी येते. निदान आता तरी माप बरोबर घे."

दुकानातल्या बाईला मी चूक सांगितली, तर तीच गोंधळली. "अहो, तुम्ही इतकं सांगत होतात त्यांच्याविषयी, मला वाटलं तुम्हीच बरोबर जाणार." ताईने छताकडे पाहिलं. मग ताईचं, म्हणजे तुझं, माप घेतलं, लहान बॅग आली, पट्टा नेमका कमरेवर बसला. वाळूच्या पिशव्या भरल्या. मी त्या बाईला पुन्हा एकदा खांद्याबद्दल विचारलं, आता मात्र मुद्देसूद. ती म्हणाली, "खोटं कशाला सांगू? बॅग वजन खात नाही, फक्त वाटून देते. कमरेवर कितीही दिलं तरी बॅग पाठीवर चढवताना आणि उतरवताना ते खांद्यावरूनच जाणार. पुलागणिक चढवायची-उतरवायची, म्हणजे दिवसातून किती वेळा, तुम्हीच सांगा. त्यांच्या खांद्याला हे सगळं सामान झेपेल अशी बॅग माझ्याकडे नाही. कुणाकडेच नसेल." म्हणजे बघ, तुझ्या लेकीने जे वाक्य माझ्याकडून मागितलं होतं, ते मला चक्क खरं होऊन मिळालं. खोटंही बोलायला नको, नुसतं कळवायचं. मी मोठी बॅग परत द्यायला खांद्यावरून काढायला लागलो. तेव्हा बाईने पुन्हा तोच प्रश्न विचारला, जरा सावकाश, विसराळू माणसाला विचारतात तसा. "मग वाहणार कोण?"

मी मोठी बॅग परत दिली नाही. लहानही घेतली नाही. तुझ्यासाठी एक कमरेला बांधायची छोटी बॅग घेतली आहे. तिच्यात कॅमेरा आणि एकच लेन्स मावते, जास्त काही कोंबायला गेलीस तर चेन लागतच नाही, हा तिचा मला सगळ्यात आवडलेला गुण. ती डाव्या हाताने उघडते, हात उंचावून चढवायला लागत नाही, आणि खांद्याशी तिचा काडीचा संबंध नाही. तुझ्या व्यायामाच्या बाईंना फोनवर वजन सांगून घेतलं, त्या म्हणाल्या, "एवढं चालेल, पण बाकीचं सामान?" म्हटलं, त्याची व्यवस्था आहे. मोठी बॅग घेऊन मी हल्ली रोज सकाळी पाण्याच्या टाकीपर्यंतची टेकडी चढतो. आत सगळे कोश. ज्ञानाचं ओझं म्हणतात ते मला आता गुडघ्यात कळतं, पण परवापासून धाप लागेनाशी झाली आहे. कॉलेजात साठलेली रजा मागितली. प्राचार्य म्हणाले, "घ्या बुवा एकदाची, आम्हाला वाटलं तुम्ही ती दत्तक घेतली." आणि काल तुझ्या लेकीला फोन केला. म्हटलं, बॅग मिळाली. ती रागाने म्हणाली, "आणि ती उचलणार कोण, काका?" तिसऱ्यांदा तोच प्रश्न, पण या खेपेला माझा पाठ तयार होता. उत्तर ऐकून ती आधी हसली, मग थोडी रडली, मग म्हणाली, "इतकी वर्षं काय करत होतात हो तुम्ही?" मी म्हणालो, लक्ष ठेवत होतो. तिनेच सुचवलं की हे तुला पत्राने कळवावं, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

तर आता सिद्धान्त, आणि हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते वाक्य, पुरं. बॅगेला हात लावू नकोस, फक्त लक्ष ठेव, अशी तुझी पहिली आज्ञा होती. तिचा उत्तरार्ध मी आजवर पाळला. पूर्वार्धात आता दुरुस्ती मागतो आहे. मोठी बॅग मी वाहीन, तू हात पुढे करशील तेव्हा नेमकी लेन्स त्यात ठेवीन, आणि तू चिखलात उतरशील तेव्हा काठावर उभा राहून काहीही सल्ला देणार नाही. एवढ्यावर थांबलो तर पुन्हा तीस वर्षं थांबेन, म्हणून पुढचंही लिहितो: मी तुझा हात मागतो आहे. उजवा बरा होईपर्यंत डावाही चालेल. सोमवारी संग्रहालयाला होकार कळव. पूल कुणासाठी थांबणार नाहीत. सोबतीच्या रकान्यात ट्रायपॉडवर काट मार, त्याला मी पाठीवर घेतला आहे, आणि तिथे माझं नाव घाल. पुढे नातं विचारलं आहे. मदतनीस लिहिलंस तरी मी येणार, हमाल लिहिलंस तरी येणार, बॅग माझ्याच मापाची आहे, दुसऱ्या कुणाला होणार नाही. पण जन्मभर शब्दांवर पोट भरलेला माणूस आहे मी, आणि त्या जागी चपखल बसेल असा एक शब्द मला ठाऊक आहे. तो मी लिहीत नाही. तो मला तुझ्या अक्षरात वाचायचा आहे. डाव्या हाताने काढलास आणि वाकडा आला, तरी मी शुद्धच धरीन.

कोश बाहेर काढून, तुझे कप्पे लावून तयार बसलेला,
तुझाच,
पंडित